सूपभर कोंड्याचा सौदा

माझ्या आईने पवनीच्या पार्बताबाईला फसवलं, आणि पार्बताबाईने मला. पहिली फसवणूक माझ्या लग्नातली, मी तान्हा असताना दिलेला शब्द मोडून झालेली. तिचा जाब द्यायला आई आता हयात नाही. दुसरी यंदाच्या माघ महिन्यातली. ती माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, पोटभर जेवू घालून झाली.

मी जुन्या बारदान्याचा व्यापारी आहे. रिकामी पोती घ्यायची, झटकायची, फाटली असतील ती शिवायची आणि धान निघालं की विकायची. सायकलवर गावोगाव फिरून सुरुवात केली, आज दिघोरीत पक्कं दुकान आहे. यात कोणाचा हात लागला नाही, असं मी नेहमी सांगत आलो. भाव करताना मी कोणाला सोडत नाही आणि मला कोणी फसवलं तर विसरत नाही. या प्रवासाचं वर्णन लिहायला बसलो ते त्याच रागातून. पण पवनी न पाहिलेल्यांना दोन कामाच्या गोष्टीही यात सापडतील.

पवनीला मी अनेकदा गेलो होतो, पण बाजारात शिरायचं, पोती मोजून घ्यायची आणि निघायचं, एवढंच. जुनं शहर, परकोट, घाट, टेकड्या, यांच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. या वेळी निघालो ते थोरल्या बहिणीमुळे. तिला आम्ही बाई म्हणतो. नवरा वारल्यापासून ती माझ्याकडेच राहते. माझ्या मुलाचं लग्न वैशाखात ठरलं आणि तेव्हापासून तिने एकच धोशा लावला.

"कोंडू, मले पवनी दाखवून दे. लग्नाच्या आधी."

घरी मला कोंडू म्हणतात. मला ते नाव कधी आवडलं नाही. दुकानाच्या पाटीवर मी वेगळं नाव लिहून घेतलं आहे.

पुलाअलीकडे

गाडीवाल्याशी भाव करण्यात सकाळ गेली. तो हरला. निघालो तेव्हा बाईच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. मला वाटलं नैवेद्य असेल. लाखांदूरच्या पुढे एका गतिरोधकावर गाडी उडाली, गाठोडं सुटलं आणि गाडीभर कोंडा झाला. तांदळाचा, बारीक. गाडीवाल्याच्या मानेवर, माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर.

"मावशी, म्हशीबी येऊन राहिल्या का मागून?" गाडीवाला म्हणाला.

"तू समोर पाह्य न बाप्पा."

मी गाडी थांबवली आणि भडकलो. देवदर्शनाला निघालेल्या माणसाने कोंडा कशाला घ्यावा? बाई खाली उतरली. पायदानावर बसून तिने पदरात चिमूट चिमूट कोंडा गोळा केला. मी म्हणालो, "अवो बाई, देवाले कोंडा वाहते का?"

"हाव. माहा देव कोंडाच खाते."

माघात आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या असतात. धानाच्या खुंटांमधून लाखोळीची डाळ उगवलेली, जमिनीला चिकटून हिरवी. डोळ्याला गार वाटतं. नदीच्या पुलावर मी मुद्दाम उतरलो. वरच्या धरणातून पाणी सोडलं की वैनगंगा इथे काठोकाठ भरलेली दिसते. वाहते की थांबली आहे ते पटकन कळत नाही. आम्ही तलावाची माणसं, आम्हाला ती तलावासारखीच वाटते, फक्त बांधाची पाळ दिसत नाही. पलीकडे गावाचे घाट पाण्यात उतरलेले, देवळांचे कळस एकामागे एक. आणि वाऱ्यावर एक तिखट वास. तो वास पुढे मला किती भोवणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

हवेशीर खोली

पवनीत पाय ठेवताच जो भेटेल तो विचारतो, "कोनाकडे आले?" आमच्या दिघोरीत परक्या माणसाला "कायले आले?" असं विचारतात. काम सांगितलं की आमचं समाधान होतं. पवनीच्या माणसाला काम नको असतं, त्याला घर पाहिजे असतं. चहावाल्याने विचारलं, पानवाल्याने विचारलं, देवळापुढच्या फुलवालीने विचारलं. मी म्हणायचो, "कोणाकडे नाही, फिरायला आलो." हे ऐकून त्यांची नजर अशी होई की जणू आमच्यावर काही संकट आलं आहे.

मुक्कामाच्या खोलीचा भाव मी असा पाडला की मालक कपाळाला हात लावून बसला. शेवटी म्हणाला, "एवढ्यात पाह्यजे त मागची एक खोली आहे. हवा मस्त येते."

हवा येत होती, हे खोटं नव्हतं. ती खालच्या मिरचीच्या गोदामातून येत होती. या भागात मिरची मोठ्या प्रमाणात होते. ती पसरून, देठ खुडून, निवडून पोत्यात भरण्याचं काम जिथे चालतं त्याला सातरा म्हणतात. आमच्या खोलीच्या बरोबर खाली सातरा होता. संध्याकाळपासून आम्ही दोघं भावंडं शिंकत बसलो. डोळ्याला पाणी, नाकाला पाणी. बाई पदराने नाक पुसत म्हणाली, "भाव पाडला ना तू? शिंक आता."

सकाळी मी मालकाशी भांडायला खाली उतरलो. मालक नव्हताच. होता तो लाल डोंगर, आणि त्याच्याभोवती बसलेल्या बाया, तोंडाला फडकी बांधून देठ खुडत. मी आवाज चढवला. दुसऱ्याच शब्दाला मला शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी. भांडण शिंकांत बुडालं. बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

"भाऊ, आधी शिंकून घ्या, मंग भांडा," एक म्हणाली. "आमी कुठी पऊन नाही राहिलो."

माझ्यामागून बाई जिना उतरून आली होती. तिने त्या बोलणारीलाच विचारलं, "पार्बताबाई ढिवरीन राहते का व अजून घाटाकडे? दारात कडुनिंब होता तिच्या."

देठ खुडणारा तिचा हात थांबला. तोंडावरचं फडकं तिने खाली ओढलं. "ते माही सासू होय. तुमी कोनाच्या?"

"दिघोरीचे. तिले म्हना, कोंडू आला."

ती सून माझ्याकडे बघत राहिली. डोक्यापासून पायापर्यंत. बैल घेताना लोक बघतात तसं.

परकोटावर

मी बाईला हाताला धरून बाहेर काढलं. कुठे नेतो आहे ते मलाच माहीत नव्हतं. चालत चालत जुन्या परकोटापाशी आलो. पवनीचा परकोट पाहण्यासारखा आहे. गावाला वेढा घालणारी उंच भिंत, कुठे शाबूत, कुठे ढासळून मातीचा बांध झालेली, बाहेरून खंदक. चढायला त्रास होतो, पण वर गेलं की एका बाजूला कौलं आणि स्लॅबची घरं, दुसऱ्या बाजूला शेतं. वर बोरीचं झाड होतं. बाई सावलीला बसली आणि तिने सगळं सांगितलं.

माझ्या आधीची आईची लेकरं जगली नाहीत. एकटी ही थोरली बहीण तेवढी राहिली. मी झालो तेव्हा आई भ्याली. शिवरात्रीच्या यात्रेत मला घेऊन ती पवनीला आली. आमच्याकडे जुनी रीत होती. जिची लेकरं वाचत नाहीत तिने नवं लेकरू भरल्या घरच्या बाईला विकायचं. विकलं म्हणजे ते आपलं राहिलं नाही, मग त्याला न्यायला येणारा चुकतो. घाटावर पार्बताबाई मासोळ्या विकत बसली होती. तिची चार लेकरं भोवती खेळत होती. आईने मला सुपात घालून तिच्यापुढे ठेवलं.

"मी विकलो गेलो?"

"हाव."

"कितीत?"

तोंडातून पहिला प्रश्न हाच निघाला. सवयच तशी.

"सूपभर कोंड्यात."

मी ताडकन उभा राहिलो. "कोंड्यात? धान पिकवणारा मुलूख आपला! पायलीभर तांदूळ नाही मागता आले आईले?"

"महाग इकलं त त्याले वाटन काही मोलाचं आहे. मंग तो शोधत येन. बस खाली, पडशीन."

सौदा झाल्यावर पार्बताबाईने मला ओटीत घेतलं, आणि आईला परत देताना म्हणाली, हे लेकरू माझं, तू फक्त पोस. लग्नाच्या वेळी आणून माझ्या मांडीवर बसव, मी मोकळं करून देईन. आईने शब्द दिला. माझं लग्न झालं तेव्हा आईने तो पाळला नाही. पार्बताबाई ढिवराची, मासेमार जातीची. मांडवात सोयऱ्यांसमोर तिला आईच्या जागी बसवायचं, तर सोयरे काय म्हणतील, ही आईला धास्ती. बाईने आठवण दिली तर आईने तिला गप्प केलं.

"आता तुह्या पोराचं देवक बसन," बाई म्हणाली. "बाप दुसऱ्याच्या मालकीचा आणि पोराच्या डोक्यावर अक्षता? मले झोप येत नाही, कोंडू. माह्या डोळ्याले आता कमी दिसते. मी गेली त हे सांगनारं कोनी उरत नाही. तिचा कोंडा तिले वापस कर आन सुटून ये."

मी या रिती मानत नाही. पण गाडीत बाईने चिमूट चिमूट गोळा केलेला कोंडा माझ्या डोळ्यांपुढे आला. माझ्या मुलाच्या लग्नात ती सुखाने बसणार की मांडवाच्या कोपऱ्यात धास्तावून, हे आता माझ्या हातात होतं.

दुपारला वेळ होता म्हणून आम्ही जुन्या स्तूपाची टेकडी पाहिली. तिथल्या विटा आपल्या आजच्या विटांहून लांब-रुंद आहेत. कोणी भाजल्या, कोणी रचल्या, कोणी त्यांची किंमत ठरवली, काही ठाऊक नाही. एरवी मी अशा जागी पाच मिनिटं थांबलो नसतो. त्या दिवशी एका विटेवर हात ठेवून उभा राहिलो. घेणारा, देणारा, दोघंही गेले आणि माल तेवढा जागेवर राहिला. मला एकदम घाई झाली. पार्बताबाई जिवंत होती, हे काही थोडं नव्हतं.

कडुनिंबाच्या दारात

कडुनिंब होता. त्याखाली जाळी वाळत होती. पार्बताबाई खाटेवर बसली होती, वाळलेल्या आंब्याच्या फोडीएवढी. सातऱ्यातली सून आमच्या आधीच पोचली होती. चुलीवर काहीतरी रटरटत होतं.

मी नमस्कार केला. तिने माझा हात धरला, बोटं दाबून पाहिली, मग दंड दाबला. बाईला म्हणाली, "पोसला चांगला तुह्या मायनं."

मी थेट मुद्द्यावर आलो. "आजी, मी..."

"आधी जेव. उपाशी पोटी सौदा नाही करू."

पवनीला जाणाऱ्यांनी घाट पहावेत, परकोट पहावा, आणि जमेल तसं एखाद्या ढिवराच्या घरी जेवावं. मोकळा भात, त्यावर नदीच्या मासोळ्यांचा पातळ रस्सा, अंबाडीने आंबट केलेला, आणि बाजूला कांदा घालून परतलेले झिंगे. आमच्याकडे तलावाची मासोळी खाल्ली जाते, तिला चिखलाची किंचित चव असते. ही तशी नव्हती. मी तीनदा भात घेतला. जेवताना लक्षात आलं की ती स्वतः जेवत नाही, नुसती माझ्या ताटाकडे पाहते आहे.

हात धुतल्यावर बाईने गाठोडं पुढे केलं. सुनेने सूप आणलं. कोंडा सुपात पडला. पार्बताबाईने चिमटीत घेतला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"हा गिरनीचा होय. म्या दिलता तो उखळातला. गोड होता."

मी थक्क झालो. मालात खोड काढणं ही तर माझ्याच धंद्यातली युक्ती! "आजी, उखळ आता कोणाकडे आहे? याच्या जागी तांदूळ देतो. सूपभर."

"कोंडा दिला, तांदूळ कायले घेऊ? सौदा बदलते मंग."

"पोतंभर देतो."

"लेकरू एक, पोतं कायले?"

"तर तू सांग भाव."

"मी इकतच नाही."

माझा पारा चढला. "असं कसं? शब्द झाला होता! साठीचा माणूस मी, मला ठेवून काय करतेस? जुना माल झालो मी."

"धंदा काय करते तू?"

"जुना बारदाना."

"जुनी पोती तू पैसे देऊन घेते," ती म्हणाली, "आन माहा जुना पोरगा म्या फुकटात सोडू?"

सून तोंडात पदर घालून हसत होती. मी आयुष्यात इतके सौदे केले, पण समोरच्याकडे माझंच काही असावं आणि मला त्याचा भाव सांगता येऊ नये, असं कधी झालं नव्हतं. मी बोललो, ओरडलो, समजावलं. उठून दारापर्यंत गेलो, समोरच्याने हाक मारावी म्हणून मी नेहमी जातो तसा. तिने हाक मारली नाही. मलाच परत यावं लागलं.

मग बाईच रडायला लागली. म्हणाली, "मावशे, पोराचं लगन आहे. मोकळा कर त्याले. माह्या जिवाले घोर लागला."

पार्बताबाईने तिला खाटेवर जवळ बसवलं. आवाज उतरवून म्हणाली, "येडी झाली का व? वापस घेतला त कोनाचा होईन तो? जिची लेकरं जगत नव्हती तिचाच ना? माही चारही जगली, हा पाचवा. माह्या नावावर आहे तवरी याले कोनी हात लावत नाही. पोराचं लगन डोळ्यानं पाहू दे त्याले. नातू पाहू दे. मी इकत नाही म्हनजे नाही."

बाईचं रडणं थांबलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मान हलवली. तिला पटलं होतं. 

घाटावर

उन्हं उतरायच्या आत पार्बताबाई म्हणाली, आणलेला कोंडा वाया कायले घालवायचा. सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन ती आम्हाला घाटावर घेऊन गेली. जुन्या खालच्या पायऱ्या आता पाण्यात आहेत. ती वरच्या पायरीवर बसली आणि मूठभर कोंडा पाण्यात सोडला. पाणी उकळल्यासारखं झालं. मासोळ्याच मासोळ्या.

सून म्हणाली, "दर शिवरात्रीले टाकते हे. त्या दिवशी घरचं जाळं पान्यात नाही पडत. आमचा सासरा चिडे, म्हने, धंद्याच्या दिवशी मासोळ्या जेवू घालते. सासू म्हने, माह्या कोंडूच्या नावानं आहे. आमाले वाटे, कोंडू कोनी देव असन."

मी पाण्याकडे पाहत उभा राहिलो. खरं सांगतो, मला राग आला. सायकलवर पोती बांधून मी एकटा फिरलो, कोणाचा हात लागला नाही, असं साऱ्या तालुक्याला सांगत आलो. आणि इथे एक बाई दरवर्षी धंदा बंद ठेवून माझ्या नावाने नदीत कोंडा टाकत होती. माझ्या हिमतीत वाटेकरी निघाला होता, आणि त्याने कधी वाटा मागितला नव्हता.

मी तिला म्हणालो, "लग्नाला ये. मोकळं नको करू, पण ये. आजीच्या जागी बस."

तिने हात झटकून उरलेला कोंडा पाण्यात पाडला. "नाही येत."

"काहून?"

"तुह्या लगनाची बातमी मले लागली होती. नवं लुगडं नेसून बसली होती मी दारात. कोनी आलं नाही. तवा जे सोयरे होते, तेच आता असतीन. त्याइले इचार पडन, हे ढिवरीन मांडवात कायची आली म्हनून. पोराच्या लगनात कायले तमाशा?"

हे तिने कुरकुर न करता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

परत येताना पुलाअलीकडे चहावाल्याने विचारलं, "झालं का फिरनं? कोनाकडे होते?" मी म्हणालो, "आईकडे." बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीच्या पायदानावर अजून कोंडा चिकटला होता. गाडीवाला तो झटकायला लागला, तर मी त्याला राहू दे म्हणालो.

घरी आल्यापासून राग शमलेला नाही. आईवर चिडून उपयोग नाही. पार्बताबाईवर चिडता येत नाही. तिने मला फसवलं, माझ्याच किमतीत मला हरवलं, ते मी पचवीन. मग राग कोणावर? ज्यांच्या धास्तीने आईने शब्द मोडला आणि एक बाई नवं लुगडं नेसून दारात बसून राहिली, त्यांच्यावर. त्या वेळी कोण काय म्हणाला असता, हे आईने कधी विचारून पाहिलं नाही. मी विचारतो आहे.

मुलाच्या लग्नपत्रिकेत आजीच्या जागी पार्बताबाईचं नाव छापलं आहे. ती नाही म्हणाली असली तरी तिला आणायला गाडी जाईल आणि त्या गाडीचं भाडं मी पाडणार नाही. ज्या सोयऱ्याला हे खटकत असेल त्याने पाठीमागे कुजबुजू नये. दिघोरीला माझ्या दुकानात यावं, समोर बसावं आणि तोंडावर सांगावं: सूपभर कोंड्यात घेतलेलं दुसऱ्याचं लेकरू जिने इतकी वर्षं आपल्या नावावर जगवलं, तिला मांडवात जागा नाही, तर मग ती जागा आहे तरी कोणाला?